मोडायची कांडी, जपायचा कागद : सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचा इतिहास

सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स या संस्थेचा जन्म एका दुकानात झाला. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवर फ्रान्सिस आणि अँटोनिओ मार्टिंका या भावांचे जादूच्या साहित्याचे दुकान होते. पुढे विक्री चाले आणि मागे एक खोली होती, तिला छोटासा रंगमंच जोडलेला. नवा प्रयोग विकत घेण्याआधी तो तिथे पाहता येई. गावोगाव फिरणारे व्यावसायिक न्यूयॉर्कला आले की तिथे डोकावत, आणि दिवसभर दुसरा उद्योग करून रात्री पत्ते पिसत बसणारे शहरातले हौशी लोकही तिथेच जमत. या बैठकीलाच संस्थेचे रूप द्यावे असे दोघा डॉक्टरांच्या मनात आले. एक सॅरम एलिसन, दुसरे गोल्डन मॉर्टिमर. १० मे १९०२ रोजी त्या मागच्या खोलीत चोवीस जण जमले आणि संस्था स्थापन झाली. मॉर्टिमर पहिले अध्यक्ष झाले. जगात आज चालू असलेली जादूगारांची ही सर्वांत जुनी संघटना.

संस्थापकांत डॉक्टर पुढे असावेत याचे नवल वाटायला नको. रोज रंगमंचावर पोट भरणाऱ्याला दुसरा जादूगार हा प्रतिस्पर्धी असतो. हौशी माणसाला मात्र सगळेच जादूगार हवे असतात, हयात असलेले आणि होऊन गेलेलेही. एलिसन यांना दोन नाद होते. जादूवरची पुस्तके ते जमवत, आणि नामवंत जादूगारांच्या कांड्याही जमवत. पुस्तकांचा संग्रह त्यांनी पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. कांड्यांचा नाद मला जास्त बोलका वाटतो. जादूगाराची कांडी म्हणजे लाकडाचा एक तुकडा, तिची किंमत ती कोणाच्या हातात होती यावर. ती मागून घेणाऱ्या माणसाने जादूगारांची संघटना बांधावी हे अगदी सुसंगत आहे.

संघटनेची गरज धंद्यालाही होती. त्या काळात प्रयोगांची पळवापळवी सर्रास चाले. लंडनमध्ये जॉन नेव्हिल मॅस्केलिन यांनी बाईला हवेत अधांतरी तरंगवण्याचा एक अफलातून प्रयोग बसवला होता. अमेरिकेचे सर्वांत मोठे जादूगार हॅरी केलर यांना तो हवा होता. मॅस्केलिनच्याच रंगमंचावर काम करणारा पॉल व्हॅलाडन हा जादूगार केलरनी आपल्या कंपनीत ओढला, आणि 'प्रिन्सेस कर्नाक' या नावाने ती बाई अमेरिकेत तरंगू लागली. हेच केलर पुढे संस्थेचे पहिले डीन, म्हणजे सर्वांत मानाचे ज्येष्ठ सभासद झाले. सभासदाने गुपित फोडू नये, दुसऱ्याचा प्रयोग चोरू नये, हे नियम असल्या अनुभवांतून आलेले आहेत. 'जादू, एकजूट, सामर्थ्य' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन संस्थेने एम-यू-एम हे ब्रीद केले, आणि १९११मध्ये त्याच नावाचे मुखपत्र सुरू झाले.

वारे सगळीकडेच वाहत होते. १९०५मध्ये लंडनच्या पिनोलीज उपाहारगृहात तेवीस जादूगार जमले आणि मॅजिक सर्कलची स्थापना झाली. डेव्हिड डेव्हंट तिचे पहिले अध्यक्ष. वयाच्या पंचविशीत नुकत्याच वारलेल्या मार्टिन चॅपेंडर या गुणी सहकाऱ्याचे नाव संस्थेला द्यावे असे आधी घाटत होते. शेवटी त्याचीच आद्याक्षरे जुळतील असे नाव निवडले. या संस्थेचा आपल्या देशाशी एक संबंध आहे. हिंदुस्थानी दोरीच्या जादूची ती जगप्रसिद्ध कथा, आकाशात उभी राहणारी दोरी, तिच्यावर चढून नाहीसा होणारा मुलगा, खरी आहे का याचा छडा लावायला मॅजिक सर्कलच्या एका समितीने १९३४मध्ये पाचशे गिनींचे बक्षीस जाहीर केले. अट एकच, प्रयोग उघड्यावर करून दाखवा. समितीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एलियट हे मद्रासला नेत्रशल्यविशारद म्हणून अनेक वर्षे काम केलेले गृहस्थ. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. या कथेला पश्चिमेत खरे पंख फुटले ते १८९०मध्ये शिकागो ट्रिब्यूनने छापलेल्या एका बातमीने. ती बातमी रचलेली होती, असा खुलासा त्याच पत्राने चार महिन्यांनी केला. खुलासा फारच थोड्यांनी वाचला.

अमेरिकन संस्थेचा खरा विस्तार झाला तो हॅरी हुडिनी यांच्या काळात. १९१७मध्ये ते अध्यक्ष झाले आणि १९२६मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. संस्था तोवर प्रामुख्याने न्यूयॉर्कपुरती होती. हुडिनी वर्षभर शहरोशहरी खेळ करत फिरत. जिथे जात तिथल्या जादूगारांना खेळानंतर जेवायला बोलावत, आणि त्यांच्या स्थानिक मंडळाने आपल्या संस्थेत यावे म्हणून आग्रह करत. अशा रीतीने एकेक शहराचे मंडळ शाखा म्हणून जोडले गेले. न्यूयॉर्कची मातृशाखा पहिल्या क्रमांकाची, सॅन फ्रान्सिस्कोची दुसऱ्या. क्रमांकांची ही पद्धत आजही चालू आहे. एका माणसाने स्वतःच्या कीर्तीचा इतका सरळ उपयोग संस्थेसाठी केल्याची उदाहरणे कमी सापडतात.

अध्यक्षपदाच्या पहिल्याच वर्षातला एक प्रसंग संस्थेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. पहिले महायुद्ध चालू होते. ऑक्टोबर १९१७मध्ये अँटिलिस हे अमेरिकन वाहतूक जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यात मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी संस्थेने ११ नोव्हेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम या अवाढव्य नाट्यगृहात मदतीचा खेळ लावला. केलर १९०८मध्येच निवृत्त झाले होते. आपल्या गादीचा वारसा त्यांनी बाल्टिमोरच्या रंगमंचावर हॉवर्ड थर्स्टन यांच्याकडे दिला होता. हुडिनींनी केलरना या एका खेळासाठी परत उभे केले. प्रयोग आटोपून म्हातारे केलर आत जायला वळले, तर हुडिनींनी त्यांना थांबवले. अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ जादूगाराने असे पायी निघून जायचे नाही, त्याला मिरवत न्यायचे. संस्थेच्या सभासदांनी पालखीसारखी बंद खुर्ची आणली, त्यांना तीत बसवले आणि खांद्यावर उचलले. सव्वाशे वादकांचा ताफा निरोपाचे गाणे वाजवू लागला, आणि ती खुर्ची हळूहळू रंगमंचावरून बाहेर पडली. संस्था स्थापन झाली तेव्हा एकमेकांपासून प्रयोग लपवणारे लोक पंधरा वर्षांत इथवर आले होते.

हुडिनींची दुसरी ओळख आमच्यासारख्या जुने कागद धुंडाळणाऱ्यांना जास्त जवळची आहे. ते जबरदस्त संग्राहक होते. या नादाची एक हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०४मध्ये ते लंडनच्या हॉटेलात आजारी पडून होते. हेन्री इव्हानियन नावाचा एक म्हातारा, पडत्या काळातला जादूगार, त्यांना भेटायला आला. अंगावरचे कपडे इतके जुने की हॉटेलच्या लोकांनी त्याला वर सोडलेच नाही. तो खालीच कित्येक तास कागदांचे एक पुडके मांडीवर घेऊन बसून राहिला. हुडिनी खाली आले. त्याने थरथरत्या हातांनी पुडके सोडले. आत पिनेटी, कॅटरफेल्टो, फिलिप, रॉबेर-उदँ अशा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या जादूगारांची हँडबिले आणि कार्यक्रमपत्रिका होत्या. त्यांतली कित्येक हुडिनींनी फक्त नावाने ऐकली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मनाई मोडून ते इव्हानियनच्या केनिंग्टनमधल्या तळघरातल्या घरी गेले आणि पहाटेपर्यंत तिथेच कागद चाळत बसले. शेवटी त्यांचा भाऊ आणि डॉक्टर त्यांना शोधत आले आणि घेऊन गेले. पुढच्या वर्षी इव्हानियन वारले. त्यांच्या अंत्यविधीचा खर्च हुडिनींनी केला.

इव्हानियन यांच्या आयुष्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. आयुष्यभर त्यांनी लोक टाकून देतात तेच जमवले. खेळाची पत्रके, दुकानांच्या जाहिराती, मिठाईची वेष्टने, तिकिटे. गरिबीपायी संग्रहाचा काही भाग त्यांना विकावा लागला. १८९५मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतलेला तो भाग, जवळपास पाच हजार नग, आज ब्रिटिश लायब्ररीत त्यांच्याच नावाने आहे, आणि व्हिक्टोरियन लंडनचा अभ्यास करणारे लोक तो उघडून बसतात. त्या शहरातली साधी माणसे संध्याकाळी कुठे जात आणि काय पाहत, हे समजायला ही पत्रके हवीतच.

इव्हानियनकडून आणि इतर ठिकाणांहून मिळालेल्या साहित्यावर हुडिनींनी १९०८मध्ये रॉबेर-उदँ यांच्यावर एक पुस्तक लिहिले. ज्यांच्या नावावरून त्यांनी स्वतःचे नाव घेतले होते त्याच फ्रेंच जादूगाराला त्यात त्यांनी उसनी विद्या मिरवणारा ठरवले. हे पुस्तक अन्यायाचे आहे, आणि नंतरच्या इतिहासकारांनी त्यातले बरेचसे आरोप खोडून काढले आहेत. पण त्यात छापलेली जुनी पत्रके आणि चित्रे आजही कामाला येतात. ज्याच्या हातात मूळ कागद होता त्याचा निष्कर्ष चुकला तरी त्याचा संग्रह चुकत नाही, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या त्यांच्या घरात पुस्तके आणि कागद मावेनासे झाले. हार्वर्डच्या नाट्यसंग्रहात काम केलेल्या आल्फ्रेड बेक्स यांना त्यांनी हा सगळा पसारा लावायला नेमले. शेवटच्या वर्षांत हुडिनींचा भर मृतात्म्यांशी बोलल्याचा दावा करणाऱ्यांच्या पुस्तकांवर आणि कागदांवर होता. अशा माध्यमांचा भंडाफोड त्यांनी जाहीर व्यासपीठावरून केला, १९२४मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या समितीवर काम केले, १९२६मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष दिली. गुपित न फोडण्याची शपथ घेतलेल्या संस्थेचा अध्यक्ष दुसऱ्यांची गुपिते फोडत होता यात विसंगती नव्हती. रंगमंचावरचा जादूगार आपण युक्ती करतो हे सांगूनच तिकीट घेतो. तीच युक्ती चमत्कार म्हणून दुःखी माणसाला विकणे हा गुन्हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हातातून निघणारी विभूती आणि आपोआप पेट घेणारा नारळ यांच्या मागची करामत गावोगाव दाखवणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्या महाराष्ट्रातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटमध्ये हुडिनी वारले. ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अंत्यविधी झाला. त्या वेळी संस्थेच्या वतीने त्यांच्या शवपेटीपाशी एक कांडी मोडण्यात आली. जादूगार गेला, आता या कांडीत काही उरले नाही, असा तो विधी. तेव्हापासून सभासदाच्या मृत्यूनंतर कांडी मोडण्याची प्रथा जगभरच्या जादूगारांत रुजली. एलिसन यांचा कांड्यांचा संग्रह आणि हा विधी, दोन्ही एकाच संस्थेतले आहेत. एका संस्थापकाने कांड्या जपल्या, चोवीस वर्षांनी त्याच संस्थेने कांडी मोडण्याचा रिवाज घातला. हे दोन ओढे संस्थेच्या इतिहासात सतत शेजारी वाहत आले आहेत, आणि हुडिनींच्या मृत्युपत्रात ते समोरासमोर आले.

जादू आणि आत्मविद्येवरची पुस्तके त्यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे राष्ट्राला दिली. १९२७मध्ये ३,९८८ ग्रंथ तिथे पोहोचले. प्रयोगांचे साहित्य मात्र भाऊ थिओडोर हार्डीन यांच्याकडे गेले, आणि हार्डीनच्या मृत्यूनंतर ते जाळून नष्ट करावे अशी अट होती. कागद सगळ्यांसाठी खुला, यंत्र कोणालाच नाही, अशी ही वाटणी. गुपित यंत्रात असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. हार्डीन यांनी १९४०च्या दशकात बरेचसे साहित्य सिडनी रॅडनर या संग्राहकाला विकले आणि ते आगीतून वाचले. नियतीने मात्र आपली पाळी सोडली नाही. पाण्याने भरलेल्या पेटीत उलटे लटकून सुटका करून घेण्याच्या त्या प्रसिद्ध प्रयोगाची पेटी नायगारा येथील संग्रहालयात ठेवली होती, तिथे १९९५मध्ये आग लागली आणि पेटीची बरीच हानी झाली. दुरुस्त केलेली पेटी २००४च्या लिलावात जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी तीन लाख डॉलरला घेतली. मालकाची इच्छा मोडून ती वाचवली हे बरोबर झाले का, यावर जादूगारांत आजही दोन तट आहेत. मी वाचवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मेलेल्या माणसाचा शब्द मोठा हे मान्य, तरी ती पेटी केवळ हुडिनींची नव्हती. ती बनवणाऱ्या कारागिरांची आणि श्वास रोखून समोर बसलेल्या प्रेक्षकांचीही होती.

संस्थेच्या भोवतालचे इतर संग्रहही असेच वाचत, बुडत आले. जादूगार अलेक्झांडर हरमन १८९६मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी ॲडलेड यांनी स्वतःच्या नावावर पाव शतकाहून अधिक काळ खेळ केले. जादू ही पुरुषांचीच मिरास समजली जाण्याच्या त्या दिवसांत लोक त्यांना जादूची राणी म्हणत. १९२६मध्ये गोदामाला आग लागून त्यांची जनावरे आणि साहित्य गेले. आत्मचरित्राचे हस्तलिखित तेवढे उरले, ते छापून यायला २०१२ साल उजाडले. लंडनच्या मॅजिक सर्कलने तर स्त्रियांना सभासदत्व द्यायला १९९१पर्यंत वेळ लावला. स्त्रियांच्या बाबतीत नोंदी मुळातच कमी ठेवल्या गेल्या, त्यामुळे त्यांचा एकेक कागद दुप्पट मोलाचा.

जादूचे साहित्य जमवणाऱ्यांच्या संग्रहात नेमके काय असते, हेही सांगायला हवे. सर्वांत मोठा मान शिळाछापाच्या पोस्टरांचा. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने छापलेली केलरची पोस्टरे पाहा. एक गंभीर, टक्कल पडलेला गृहस्थ, आणि त्याच्या खांद्याशी कानात काही कुजबुजणारी लालभडक सैतानाची पिल्ले. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा घेत, त्यामुळे भिंगातून पाहिले तर रंगांचे बारीक ठिपके एकमेकांवर बसलेले दिसतात. आजची नक्कल आणि मूळ प्रत यांतला फरक पहिल्यांदा तिथेच कळतो. पोस्टर भिंतीवर चिकटवण्यासाठीच छापलेले, म्हणजे वापरले गेलेले बहुतेक सगळे नष्ट झाले. आज सापडते ते न चिकटवता गोदामात राहिलेले. त्याखालोखाल कार्यक्रमपत्रिका, दुकानांचे कॅटलॉग, जादूगारांनी जाहिरातीसाठी पाडलेली नाणी, आणि फेकायचे पत्ते. थर्स्टन आपली छबी छापलेले पत्ते रंगमंचावरून थेट गॅलरीत फेकत, आणि ते झेलणारी मुले आयुष्यभर जपून ठेवत.

पोस्टरांच्या या दुनियेत आपल्या मुंबईचे नावही येते. 'कार्टर बीट्स द डेव्हिल', म्हणजे सैतानालाच पत्त्यांत हरवणारा कार्टर, हे पोस्टर संग्राहकांत फार प्रसिद्ध आहे. चार्ल्स कार्टर अमेरिकेपेक्षा परदेशातच जास्त फिरले. त्यांनी मार्टिंकांचे ते दुकानही काही काळ चालवायला घेतले होते, ज्याच्या मागच्या खोलीत संस्था जन्मली, आणि खेळातला सिंह तिथे ठेवला होता. १९१९मध्ये ते दुकान हुडिनींकडे गेले. कार्टर १३ फेब्रुवारी १९३६ रोजी दौऱ्यावर असताना मुंबईत हृदयविकाराने वारले. पाश्चात्त्य जादूगार 'हिंदू' नावाचे प्रयोग तिकडे दाखवत, खुद्द हुडिनी गिळलेल्या सुया दोऱ्यात ओवून तोंडातून काढण्याच्या प्रयोगाला 'पूर्वेकडच्या हिंदुस्थानी सुया' म्हणत. त्याच परंपरेतला एक मोठा माणूस या भूमीवर येऊन संपला, ही नोंद मराठी वाचकांनी तरी ठेवायला हवी.

मोठे संग्रह पुढे व्यक्तींकडून संस्थांकडे आणि पुन्हा व्यक्तींकडे गेले. 'द स्फिंक्स' मासिकाचे संपादक जॉन मुलहॉलंड यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह न्यूयॉर्कच्या प्लेयर्स क्लबमध्ये होता. तो एकदा विकला गेला, आणि १९९१मध्ये कॉपरफिल्ड यांनी बावीस लाख डॉलरला घेतला. मिशिगन राज्यातल्या मार्शल या लहानशा गावी मोटारींवर लिहिणारे पत्रकार रॉबर्ट लंड आणि त्यांच्या पत्नी इलेन यांनी १९७८मध्ये जादूचे संग्रहालय उघडले. कोटीच्या घरातल्या लिलावांपेक्षा मला या दांपत्याचे काम मोठे वाटते, कारण त्यांनी नामवंतांच्या बरोबरीने कोणाला नावही आठवत नाही अशा जत्रेतल्या आणि शाळेतल्या जादूगारांचेही कागद ठेवले.

सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचे काम चालू आहे. १९८४पासून मुलांसाठी वेगळी शाखा आहे, मुखपत्र निघते, नवे सभासद गुपिताची शपथ घेतात. न्यूयॉर्कच्या मॅकपेला दफनभूमीत हुडिनींच्या समाधीवर संस्थेचे बोधचिन्ह कोरलेले आहे. तिथला त्यांचा अर्धपुतळा १९७५मध्ये फोडला गेला होता, तो २०११मध्ये पुन्हा बसवला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला त्यांचा संग्रह अभ्यासकांना उघडा आहे.

आता एक विनंती. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर, गणेशोत्सवाच्या मांडवात, नाट्यगृहात गेली कित्येक दशके जादूचे खेळ होत आले. पुण्याचे जादूगार रघुवीर आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांचे खेळ पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. त्या खेळांची हँडबिले, फाटलेली तिकिटे, रंगमंचावर जादूगाराशेजारी उभ्या राहिलेल्या मुलाचे छायाचित्र, असे काही घरात असेल तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, आणि गाव, वर्ष व पाहणाऱ्याचे नाव पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा. वर्ष नक्की आठवत नसेल तर तेव्हा घरातले मूल कितवीत होते ते लिहिले तरी चालेल, त्यावरून वर्ष काढता येते.